शुक्रवारचा हिरवा उजेड

अंबू, परवा तुझी वही वाचून संपवली आणि तुला शिवी दिली. चांगली मोठ्याने दिली. माणूस जाऊन वीस दिवस झाले नाहीत तोवर त्याला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मग माणसानेही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी असली वही माझ्या घरी पोचती करू नये.

तुझी भाचेसून घेऊन आली. जुन्या पातळाची पिशवी, तिच्यात तुझा एका काडीचा चष्मा आणि ही वही. "अत्तैनी सांगून ठेवलं होतं, हे अक्कांनाच द्यायचं," म्हणाली. अत्तै, म्हणजे आत्या, ती तू; अक्का मी. तिने चार ओळी वाचून पाहिल्या होत्या म्हणे. अक्षरं तमिळ, भाषा आपली मराठी, विषय रसायनशास्त्र. तिला वाटलं तू काही स्तोत्र उतरवून घेतलं आहेस. नमस्कार करून मिटून ठेवली बिचारीने.

मीही आधी नमस्कार केला. मग वाचली. मग शिवी दिली.

तुझ्याशी भांडायची मला साठ वर्षांची सवय आहे. तंजावरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत तुमचं दार आणि आमचं दार समोरासमोर. मी पुण्याला शिकायला गेले आणि दोन वर्षांनी नाक वर करून परत आले, तेव्हा तुझं बोलणं दुरुस्त करायला निघाले होते. काय शहाणी होते मी! तू "कशास" म्हटलंस की मी म्हणायची, "कशाला म्हण." शेवटी तू एकदा हात जोडलेस. "अक्का, तू बोलतेस ते रेडिओसारखं वाटतं गं. ऐकायला गोड. कळत काही नाही." तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही तुझ्याशी. आज ही सगळी हकिगत मी त्याच रेडिओच्या मराठीत लिहिते आहे, आणि वाचायला तू नाहीस. तुला देवनागरी यायचीच नाही म्हणा. म्हणजे तशीही वाचली नसतीस.

कॉलेजात मी रसायनाची प्राध्यापक झाले आणि तू प्रयोगशाळेत साहाय्यक. मुलांसमोर तू मला "मॅडम, तुम्ही" म्हणायचीस आणि दार लागलं की "अक्का, तू". हा फरक मला फार आवडायचा, हे आता सांगून टाकते. नोकरीचा अर्ज मीच तुझ्यासाठी भरला होता. तू सव्विसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने माहेरी परतलीस, त्यानंतर चार महिन्यांनी. त्या उपकारावर मी पुढे किती वर्षं जगले, ते तुझी वही वाचेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

आणि मग आपला हिरवा.

मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची. ऐन तारुण्य! निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, आणि जगाला काहीतरी दाखवूनच जायचं असा माझा हट्ट. मुलांना मी वर्गात सांगायची ते तू दाराशी उभी राहून ऐकायचीस. काही रंग असे असतात, त्यांच्यावर अदृश्य जांभळा प्रकाश टाकला की ते तो पितात आणि निळा करून परत देतात. पण त्याच रंगाला ग्राफाइटच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्यावर नेऊन बसवा. प्यायलेलं परत देतच नाही. पापुद्र्याच्या हातात ठेवतो आणि आपण विझतो. मधे प्रकाशाचा ठिपकाही दिसत नाही. फक्त फार जवळ बसावं लागतं. केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाहूनही जवळ.

मुलं गेल्यावर तू मला विचारलंस, "म्हणजे पदराआडून दिलेलं, अक्का. देणाऱ्याचं गेलं ते दिसतं. पण घेणाऱ्याला पोचलं कशावरून? मधेच कुठे सांडलं असेल तर?"

बी.एस्सी.च्या बाईने विचारलेला तो प्रश्न. मी म्हटलं, "घेणाराही उजळला, तर पोचलं." आणि त्यावर आपण दोघी कामाला लागलो.

ग्राफाइटचे पापुद्रे काढायचं काम तुझं. आम्लात टाकायचं, धुवायचं, परत धुवायचं, पाणी स्वच्छ होईपर्यंत दिवसच्या दिवस. तुझ्यासारखे पापुद्रे त्या कॉलेजात पुन्हा कोणी काढले नाहीत. स्पिरिटात घातले की चहाच्या रंगाचं पारदर्शक पाणी, तळाशी गाळाचा कण नाही. रंग मोजून ओतायचीस तूच. शेवटचं मिसळणं मात्र माझं. चौकोनी काचनळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि तीनदा उलटीसुलटी करायची. तू म्हणायचीस, "हातमोजे घाल की." मी म्हणायची, "तंजावरच्या उकाड्यात मोज्यात घाम साचतो, काचनळी निसटते. तीस वर्षं काच हाताळते आहे मी. माझा अंगठा माझ्या शिष्यांहून स्वच्छ आहे."

हे वाक्य मी दिमाखाने म्हणायची, अंबू. आठवलं की आता पदरात तोंड घालावंसं वाटतं.

प्रकाश मोजायचं यंत्र दुसऱ्या संस्थेचं. आपल्याला मिळायचं शुक्रवारी दुपारी. त्या पहिल्या शुक्रवारी निळा विझला, अगदी पुस्तकात लिहितात तसा. आणि त्याच्या उजवीकडे, जिथे काहीही असायचं कारण नव्हतं तिथे, आलेखावर एक नवा उंचवटा उभा राहिला. हिरवा! मी तुझा दंड इतका दाबला की तू "अय्यो" म्हणालीस. घेणारा उजळला होता. पुढच्या शुक्रवारी परत. त्याच्या पुढच्याही. लेख लिहिला, एका छोट्या नियतकालिकात छापून आला, कॉलेजने मला शाल घातली. लेखात नाव एकटीचं. शेवटी आभारांत एक ओळ: श्रीमती अंबुजाबाई यांच्या तांत्रिक साहाय्याबद्दल. ती ओळ मी तुला वाचून दाखवली होती, मोठ्या मनाने. तू म्हणालीस, "कशास एवढं?" शाल घालताना तू मागच्या रांगेत उभी होतीस आणि टाळ्या वाजवत नव्हतीस. मला वाटलं, हेवा. घरी जाऊन ह्यांना तसं सांगितलंही मी.

आता वहीतलं.

माझ्या तिसऱ्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी तू यंत्रावरच्या माणसाला गळ घालून एकटी गेली होतीस. तुझ्या हातचे पापुद्रे, तुझ्या हातचं मिसळणं. निळा विझला. हिरवा आला नाही. तू लिहिलंस, "माझं काही चुकलं." पुढच्या मंगळवारी परत गेलीस. परत नाही. मग एका शुक्रवारी मी हात पुसलेला नॅपकिन तू स्पिरिटात बुडवलास, ते स्पिरिट जांभळ्या दिव्याखाली धरलंस, आणि खाली एकच ओळ आहे:

"अक्काचा हिरवा हळदीचा आहे."

शुक्रवार, अंबू. शुक्रवारी मी तेल लावून न्हायची. तोंडाला, हातांना, पायांना हळद चोळायची, सवाष्णीने चोळावी तशी, आईने शिकवली तशी. मग पाण्याने हात धुवायची आणि समजायची की धुतले. पाण्याला हळद कुठे दाद देते? स्पिरिट दिसलं की मात्र नखाच्या कडेतून उडी मारते. आणि हळद हिरवी चमकते हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोग करून दाखवत होते! टाळ्या घेत होते! माझ्या अंगठ्याखालून काय पडतंय ते मात्र सबंध कॉलेजात एकाच बाईला दिसलं. जिच्या हातांना तीस वर्षांत हळद लागली नव्हती तिला.

लेख छापायला जायला तेव्हा अजून सहा आठवडे होते. तू सांगितलं असतंस तर थांबला असता.

तुझ्या पुढच्या नोंदी मला पाठ झाल्यात. "शुक्रवारी सांगते." मग, "आज अक्का फार खुशीत होती. सोमवारी सांगते." मग, "शाल घातली. आता सांगितलं तर सगळ्यांसमोर मान खाली." मग, "भावजींना इस्पितळात नेलं. ते घरी आले की सांगते."

ते घरी आले नाहीत.

दीड महिन्याने मी कामावर परतले. रिकामं कपाळ, रिकामे हात. मला वाटलं कामात जीव रमेल. शुक्रवारी आपण यंत्रावर गेलो आणि हिरवा आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी नाही. निवृत्तीपर्यंत पुन्हा कधीच नाही. मी वेड्यासारखी कारणं शोधत होते. रंग जुना झाला, दिवा मंद झाला. शेवटी तुझ्यावर आले. प्रयोगशाळेत, तीन मुलींच्या देखत, मी तुला म्हटलं, "तुझ्या हाताला पूर्वीचं येत नाही आता. पापुद्रे बिघडवलेस तू."

तू म्हणालीस, "असेल, मॅडम."

असेल! त्या दिवसाची नोंद वहीत आहे. इतकीच: "सांगितलं तर अक्काला कळेल हिरवा का गेला. मग दर शुक्रवारी ती तेच आठवत बसेल. राहू दे."

मग मी रडले, हे खरं. तुला वाटेल रडून मी वितळले. छे. मी अजून चिडलेलीच आहे. कोणी सांगितलं होतं तुला माझं ओझं वाहायला? मी शास्त्राची बाई. मला खोटा दिवा नको होता, खरा अंधार चालला असता. तू मला तेरा वर्षं मूर्खासारखं मिरवू दिलंस. लग्नात, बारशांत, नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो लेख दाखवायची, आणि तू आत प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल परतत असायचीस. सगळं ठाऊक असून परतत असायचीस! माझ्या तोंडावर खोटं बोलणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले. त्यांची मला भीती वाटली नाही. गप्प बसून दगा देणारी तू एकटी.

आणि माझं जाऊ दे. मीनूचं काय?

माझी नात तुझ्या मांडीवर वाढली, तुलाही पाट्टी, म्हणजे आजीच, म्हणायची. एम.एस्सी.ला तिने आजीचाच प्रयोग निवडला, आजीचा हिरवा पुन्हा आणून दाखवणार म्हणून. चार महिने धडपडली. दर रविवारी त्रिचीहून घरी यायची आणि पिशवी फेकायची. "वरवे इल्लै, आज्जी. हिरवा येतच नाही." ती मराठी सगळं समजते आणि निम्मं बोलते, पण रडायला लागली की शुद्ध तमिळमध्ये रडते. दोन महिन्यांपूर्वी म्हणाली, सोडून देते, माझ्या हातात शास्त्र नाही. आणि मी काय म्हटलं? "हात कच्चा आहे तुझा अजून." तेच वाक्य. तुला म्हटलं होतं त्याचीच धाकटी बहीण.

तू समोर बसून शेवग्याचा पाला निवडत होतीस. तुला ठाऊक होतं पोरीचा हात कच्चा नाही, आजीचा अंगठा पिवळा होता. तरी गप्प. वही वाचताना या जागी आले आणि मला वाटलं, हे मात्र मी माफ करणार नाही. माझ्यासाठी गप्प राहिलीस ते एक वेळ प्रेम म्हणू. पोरीला बुडताना बघत पाला निवडणं याला काय म्हणायचं?

शिवी दिली ती इथे.

मग काल सकाळी मीनू आली. मी तिच्यासमोर वही ठेवली आणि वाचून दाखवली, सगळी. एकही ओळ गाळली नाही, "असेल, मॅडम" सुद्धा नाही. तिच्या पितळी डबऱ्यातली कॉफी निवून गेली. मग म्हणाली, "आज्जी, अंबूपाट्टीने सांगितलं होतं मला."

"कधी?"

"सोडून देते म्हणाले, त्याच दिवशी. तुझ्यासमोर. तू हसलीस तिला."

आणि मला आठवलं, अंबू. तू पाल्यातून मान वर न करता म्हणाली होतीस, "एक दिवस हाताला हळद लावून करून बघ गं, कण्णा." मी खो-खो हसले होते. "विज्ञानाला शुभ-अशुभ नसतं, अंबू! उद्या म्हणशील यंत्राला नारळ फोड." मीनूही हसली. तूही हसलीस. मग म्हणालीस, "मला मेलीला काय कळतं," आणि पाला घेऊन आत गेलीस.

तेरा वर्षांत एकदाच बोललीस, आणि ते मी हसून उडवलं.

आता सांग, दगा कोणी कोणाला दिला हे मी कोणत्या यंत्रावर मोजू?

मीनू म्हणाली, "वाचून काय उपयोग? करून बघू." तुझीच शिष्या. पिशवीत तिच्या बाटल्या होत्याच: रंग, पापुद्रे, हातात धरायचा जांभळा दिवा. भर दुपारी आम्ही दोघी कोठीच्या खोलीत शिरलो, खिडकीला चादर लावली. आधी तिच्या हाताने, मोजे घालून. रंग निळा पेटला, पापुद्रे घातल्यावर मावळला. बाकी काही नाही. "बघ," म्हणाली, "हेच येतं मला चार महिने."

"हे खरं आहे, मीनू. खरं एवढंच आहे," मी म्हटलं. "देणारा विझतो, ते खरं. घेणारा उजळला होता तो माझा अंगठा."

मग मी स्वयंपाकघरात गेले. डब्यातली हळद वाटीत घेतली, थेंबभर तेल घातलं आणि हातांना चोळायला लागले. मीनू दारात थबकली.

"आज्जी, तू?"

"का गं? प्रयोग आहे."

तेरा वर्षांनी, अंबू. हात आधी ओळखीचे वाटेनात. मग पाण्याने धुतले, तेव्हा धुवायची तसेच, समाधान होईपर्यंत. काचनळीच्या तोंडावर अंगठा दाबला. एकदा. दोनदा. तीनदा. मीनूने दिवा धरला.

हिरवा.

तोच. आपला. कोठीत डाळीच्या डब्यांवर त्याचा उजेड पडला असं मला वाटलं. पडला नसेल, तेवढा नसतो तो. मीनू ओरडली, नाचली, मला मिठी मारताना माझ्या पातळावर स्पिरिट सांडलं. मग तिने दिवा खाली ठेवला. "म्हणजे तुझा लेख चुकलेला."

"होय."

"आणि माझा हात..."

"तुझा हात अंबूपाट्टीसारखा आहे."

तिला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. ती आता प्रकल्प सोडत नाही. निळ्याचं किती पापुद्र्याकडे जातं आणि किती हळदीकडे, हेच मोजणार आहे. उद्या गाइडला सांगणार आहे, आजीच्या चुकीसकट.

संध्याकाळी मी नियतकालिकाला पत्र लिहिलं. लेख मागे घ्यावा म्हणून. चुकीचं कारण काय, तर लेखिकेचे हात. चूक कोणी शोधली, तिथे तुझं नाव लिहिलं, पूर्ण, पहिल्या ओळीत, आणि मंगळवारचे दोन्ही प्रयोग जोडले, तुझ्या आकड्यांसह. आभारांत नाही टाकलं या वेळी. शाल मीनूने मागितली आहे, प्रयोगशाळेत एसीत फार थंडी वाजते म्हणून. देऊन टाकली.

तरी तुला माफ केलं असं समजू नकोस. सांगायचं होतंस. मान खाली गेली असती, चार शुक्रवार रडले असते, पाचव्या शुक्रवारी तुझ्यावर ओरडले असते आणि आपण दोघींनी मिळून खरा लेख लिहिला असता. तेवढं जवळ होतो आपण. निदान मी तसं समजत होते.

पण वाटीत हळद उरली होती, आणि ती बघत बसल्यावर दुसरंच डोक्यात आलं. इतक्या नवरात्रांत माझ्या दारात आलेल्या प्रत्येक बाईला मी विड्याच्या पानावर हळकुंड ठेवून दिलं. गल्लीतल्या, बदलून आलेल्या, नाव ठाऊक नसलेल्या. तू दोन हातांवर, आत सुंडलाच्या कढईपाशी. तुला कधी नाही. वर्गात जवळिकीचे नियम शिकवणारी मी, घरी उंबरा मोजत होते. तूही मागितली नाहीस, मीही पुढे केली नाही.

आपण तुझ्या हाताने केलं, हळद न लावता. माझ्या हाताने केलं, हळद लावून. माझ्या हाताने, हळद सुटल्यावरही. चौथी काचनळी राहिली, अंबू. तुझा अंगठा, हळद लावलेला. ती आपण कधी भरलीच नाही.

शास्त्रात अशा प्रयोगाला अपुरा म्हणतात.